आडनावाचे दार



धर्म माणसाला जन्माने मिळतो की निर्णयाने, हा प्रश्न आपणांस नवा नाही. ज्या घरात नुकतीच दीक्षा घेतली गेली आहे त्या घरात तो शेजारी विचारतात, सोयरे विचारतात, शाळेच्या दाखल्यावरचा रकाना विचारतो. ह्या प्रश्नाचे उत्तर 'निर्णयाने' असे देऊन त्या उत्तरासाठी ज्यांनी प्राण वेचले, असा एक लहानसा ख्रिस्ती समाज पश्चिमेकडे आहे. परंतु पुढे कालांतराने त्याच समाजाने आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या किल्ल्या नकळत जन्माच्याच हाती दिल्या. आणि आज त्याच्या दाराशी नव्याने आलेले सभासद त्या किल्ल्या मागत आहेत. हा समाज मेनोनाइटांचा. अमेरिकेतील शहरांत राहणाऱ्या कृष्णवर्णीय, स्पॅनिश भाषिक, आदिवासी व आशियाई मेनोनाइटांच्या शिक्षणाची गरज कशी भागवावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न आहे. त्याची मीमांसा करण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम ह्या समाजाची ओळख करून घेऊ. २१ जानेवारी १५२५ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक नगरात काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. जन्मल्याबरोबर तान्ह्या मुलाच्या कपाळी पाणी लावून त्याला ख्रिस्ती ठरविणे त्यांना अमान्य होते. ज्याला समज आली आहे, ज्याने स्वतः विचार केला आहे, त्यानेच धर्म पत्करावा, असे त्यांचे म्हणणे. २०२५ साली ह्या घटनेस पाचशे वर्षे पूर्ण झाली. त्या काळी हे म्हणणे राजद्रोहासारखे मानले गेले. त्या तरुणांपैकी फेलिक्स मान्झ ह्यास १५२७ च्या जानेवारीत झुरिकच्या लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. पुढे हॉलंडमधील मेनो सायमन्स नावाचा धर्मगुरू १५३६ मध्ये आपले पद सोडून ह्या छळल्या गेलेल्या लोकांना मिळाला आणि त्याच्या नावावरून त्यांस 'मेनोनाइट' हे नाव पडले. युद्धात भाग न घेणे, शपथ न घेणे, राजसत्तेपासून अलिप्त राहणे ही त्यांची व्रते होत.

छळ झालेला माणूस आडोसा शोधतो. मेनोनाइटांनी तो शेतीत शोधला. काही कुटुंबे १६८३ पासून पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन भागात येऊ लागली. दक्षिण रशियातून आलेल्यांचे मोठे लोंढे १८७४ पासून कॅन्ससच्या माळरानावर उतरले. गावे आपली, भाषा आपली, सोयरीक आपल्यातच. दोनतीन शतके अशी गेली आणि 'मेनोनाइट' ह्या शब्दाचा अर्थ हळूहळू बदलला. तो एका निर्णयाचे नाव होता, तो एका कुळाचे नाव झाला. आजही दोन अनोळखी मेनोनाइट भेटले की आडनावे सांगून नाते जुळवितात आणि त्या करमणुकीला 'मेनोनाइट खेळ' असेच म्हणतात. योडर, मिलर, क्रेबिल अशी नावे उच्चारली की ओळख पटते. परंतु ज्याचे आडनाव गार्सिया, वॉशिंग्टन किंवा न्गुयेन आहे त्याने हा खेळ कसा खेळावा? बाप्तिस्मा त्याचाही तोच. किंबहुना, झुरिकच्या त्या तरुणांप्रमाणे समज आल्यावर, आईबापांच्या धर्माबाहेर पाऊल टाकून, स्वतःच्या निर्णयाने घेतलेला बाप्तिस्मा त्याचाच अधिक आहे.

आता शाळांकडे वळू. मेनोनाइटांनी उच्च शिक्षणाकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. पुस्तकी विद्येने माणूस गर्विष्ठ होतो व शहराकडे पळतो, अशी वडीलधाऱ्यांची भीती. तरीही तरुण शिकू लागलेच. तेव्हा ते परक्यांच्या महाविद्यालयांत हरवू नयेत म्हणून समाजाने स्वतःची विद्यालये काढली. कॅन्ससमध्ये बेथेल महाविद्यालय १८९३ मध्ये उघडले. इंडियानातील एल्कहार्ट येथे १८९४ मध्ये सुरू झालेली संस्था १९०३ मध्ये शेजारच्या गोशेन गावी जाऊन गोशेन महाविद्यालय झाली. व्हर्जिनियातील हॅरिसनबर्ग येथे १९१७ मध्ये ईस्टर्न मेनोनाइट विद्यालय स्थापन झाले. धाक असा होता की, गोशेन महाविद्यालय फार आधुनिक होत चालले म्हणून धर्ममंडळाने ते १९२३-२४ चे एक वर्षभर चक्क बंद ठेवले.

ह्या संस्था शेतकऱ्यांनी पै पै जमवून उभ्या केल्या, हे विसरून चालणार नाही. जो समाज स्वतःच्या मुलांसाठी स्वतःच्या पैशाने शाळा बांधतो तो आदरास पात्र आहे. परंतु 'स्वतःची मुले' कोणती, हा प्रश्न त्याच क्षणी जन्मास येतो. शेतावर वाढलेला, घरी जर्मन बोली ऐकलेला, ज्याचे चुलते-मामे नियामक मंडळावर आहेत, असा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून ह्या संस्थांची घडण झाली. वसतिगृह, फी, सुट्ट्या, प्रार्थनागीते, प्राध्यापकांची निवड, ह्या सर्वांवर त्याच मुलाचे माप आहे.

आणि नवे लोक तर केव्हाच आले होते. १८९७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका ग्रामीण मंडळीत एका कृष्णवर्णीय कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मेनोनाइटांच्या नोंदलेल्या इतिहासाचा आरंभ तेथून धरतात. शिकागोत १८९३ पासून मेनोनाइटांचे मिशन होते. १९३२ मध्ये तेथील मेक्सिकन कामगारांत काम सुरू झाले व स्पॅनिश भाषिक मंडळीचा पाया पडला. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस येथे पुढे मंडळ्या निघाल्या. शिकागोत जेम्स व रोवेना लार्क ह्या कृष्णवर्णीय दांपत्याने मुलांसाठी उन्हाळी शाळा चालवून मंडळ्या उभारल्या. १९५४ मध्ये जेम्स लार्क बिशप झाले. रोवेनाबाई स्वतः शिक्षिका. मंडळीच्या आधी मुलांच्या हाती पाटी-पुस्तक द्यावे लागते, हे त्यांना ठाऊक होते.

पण मूळ समाजाने ह्या नवागतांना कसे वागविले? व्हर्जिनियातील मेनोनाइट परिषदेने १९४० मध्ये असा नियम केला की बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पादप्रक्षालन व बंधुत्वाचे चुंबन हे विधी गोऱ्या व काळ्या सभासदांसाठी वेगवेगळे व्हावेत. पादप्रक्षालन म्हणजे नम्रतेने दुसऱ्याचे पाय धुणे. ते पायसुद्धा आपल्याच रंगाचे असावेत, असा हा ठराव! बाहेरच्या समाजाची रीत मोडू नये, एवढेच त्याचे समर्थन. ज्यांनी तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याची रीत मोडण्यासाठी नदीत बुडणे पत्करले, त्यांच्या वारसांनी रंगभेदाच्या रीतीपुढे मान तुकविली. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, त्याच परिषदेच्या परिसरातील ईस्टर्न मेनोनाइट महाविद्यालयाने १९४८ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला. सार्वजनिक शाळांतील विभाजन बेकायदा ठरविणारा ब्राउन खटल्याचा निर्णय १९५४ चा आहे, म्हणजे हा प्रवेश त्याच्याही आधीचा. परिषदेचा तो ठराव मात्र १९५५ मध्ये रद्द झाला. शाळा मंदिराच्या सात वर्षे पुढे होती, ह्याची नोंद वाचकांनी घ्यावी.

गोशेनचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील महाविद्यालयात १९५० च्या दशकात कृष्णवर्णीय विद्यार्थिनी शिकत होत्या. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत नाव कमावलेल्या रोझमेरी फ्रीनी हार्डिंग ह्या १९५५ मध्ये तेथून पदवीधर झाल्या. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचे भाषण १९६० च्या मार्चमध्ये तेथे झाले. परंतु ज्या गावात हे महाविद्यालय होते ते गाव अमेरिकेत ज्यांस 'सूर्यास्तनगरे' म्हणतात त्यांपैकी एक होते. दिवसा काळ्या माणसाने कामास यावे, सूर्य मावळल्यावर गावात दिसू नये, असा तेथील अलिखित शिरस्ता. गोशेनच्या नगरपरिषदेने २०१५ मध्ये ठराव करून हा इतिहास उघडपणे मान्य केला. तेव्हा प्रवेशाचा अर्ज मंजूर झाला म्हणजे शिक्षणाची सोय झाली, असे समजणाऱ्यांनी विचार करावा. ज्या गावात विद्यार्थ्याचा बाप घर भाड्याने घेऊ शकत नाही, त्या गावातील महाविद्यालयाचे दार कायद्याने उघडे आणि व्यवहाराने अर्धे बंद असते.

आमचा व्यवसाय वकिलीचा. न्यायालयात हक्काची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न असतो, हा हक्क कोणाचा व कशासाठी? ह्या दृष्टीने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १५ मे १९७२ चा निर्णय पाहू. विस्कॉन्सिन राज्यात सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. तीन बापांनी आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आठवीनंतर शाळेत पाठविण्याचे नाकारले आणि त्यांस पाच-पाच डॉलर दंड झाला. दोघे जुन्या वळणाचे आमिश, तिसरा पुराणमतवादी आमिश-मेनोनाइट. १६९३ च्या सुमारास याकोब आम्मान ह्याच्या नेतृत्वाखाली वेगळी झालेली आमिश ही मेनोनाइटांचीच भावकी. 'विस्कॉन्सिन विरुद्ध योडर' ह्या नावाने गाजलेल्या ह्या खटल्यात न्यायालयाने बापांच्या बाजूने कौल दिला. शाळा आमच्या धर्मजीवनास मारक आहे, हे त्यांचे म्हणणे मान्य झाले. न्यायमूर्ती डग्लस ह्यांनी मात्र अंशतः भिन्नमत नोंदविले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की बापाचे ऐकलेत, पण मुलाला कोणी विचारले? त्याला उद्या पियानोवादक, अंतराळवीर वा सागरशास्त्रज्ञ व्हावेसे वाटले तर?

आता त्याच काळातील दुसरे चित्र पाहा. १९६९ च्या वसंतात जेम्स फोरमन ह्यांनी गोऱ्या मंडळ्यांकडे कृष्णवर्णीयांसाठी ५० कोटी डॉलरची भरपाई मागणारा जाहीरनामा वाचला. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ काढावे, ही त्यातील एक मागणी होती. त्याच वर्षी ओरेगॉनमधील टर्नर येथे मेनोनाइटांच्या अधिवेशनात जॉन पॉवेल ह्या कृष्णवर्णीय पाळकाने अल्पसंख्य सभासदांच्या वतीने मागण्या मांडल्या. त्यांतून 'करुणा निधी' निघाला. अल्पसंख्याकांची स्वतंत्र परिषद काम करू लागली आणि तीत कृष्णवर्णीय व स्पॅनिश भाषिक प्रथमच खांद्याला खांदा लावून उभे राहिले. परंतु निधी मागितलेल्या मानाने तोकडा पडला आणि काही वर्षांतच परिषदही विसर्जित झाली.

ही दोन चित्रे आम्ही मुद्दाम शेजारी ठेवली आहेत. एका बाजूला शाळेपासून दूर राहण्याचा हक्क. दुसऱ्या बाजूला शाळेत जाण्याची साधने मिळण्याचा हक्क. पहिला हक्क सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांनी मान्य केला. दुसरा मागणाऱ्यांच्या पदरी 'करुणा' पडली. आठवीनंतर शाळा सोडलेल्या आमिश मुलाला बापाचे शेत असते, सुतारकीची कार्यशाळा असते, अडीअडचणीला धावणारी भावकी असते. शिकागोच्या पश्चिम भागातील मुलाने आठवीनंतर शाळा सोडली तर त्याला काय असते? ज्याच्यापाशी जमीन आहे त्याला अशिक्षितपणा एक वेळ परवडतो. ज्याच्यापाशी जमीन नाही त्याची जमीन म्हणजे त्याची विद्या. म्हणून ग्रामीण मेनोनाइटांनी शिक्षणाविषयी ठरविलेले माप शहरी मेनोनाइटांस लावणे हा अन्याय आहे, मग तो कितीही धार्मिक भाषेत मांडलेला असो.

शाळा ही स्वभावतःच मुक्ती देते, असेही आमचे म्हणणे नाही. कॅन्ससमधील हॉल्स्टेड गावी मेनोनाइटांनी १८८३ मध्ये आपल्या मुलांसाठी विद्यालय काढले. तेथे त्यांची जर्मन भाषा जपली जाई. त्याच गावी दोनतीन वर्षांनी त्यांनी शायेन व अरापाहो आदिवासी मुलांना आणून ठेवले. त्यांना शिकवायचे ते इंग्रजी, शेतकाम आणि ख्रिस्ती चालरीत. एकाच गावात एकाच समाजाच्या दोन शाळा. एकीचा हेतू मुलाची भाषा टिकवावी, दुसरीचा हेतू मुलाची भाषा पुसावी. पुढे शायेन लोकांत लॉरेन्स हार्ट ह्यांच्यासारखा पुरुष निपजला. त्यांचे शिक्षण बेथेल महाविद्यालयात झाले, ते मेनोनाइट पाळक झाले आणि आपल्या जमातीचे शांतिप्रमुखही झाले; ते २०२२ मध्ये निवर्तले. त्यांचे चरित्र सांगते की माणूस आपली भाषा व पूर्वज न टाकता ह्या धर्मात राहू शकतो. पण ते त्यांनी हॉल्स्टेडच्या त्या दुसऱ्या शाळेच्या हेतूविरुद्ध साध्य केले.

तर शहरी व अल्पसंख्य सभासदांची गरज नेमकी काय आहे? ती आम्ही पाच गोष्टींत मांडतो.

पहिली गरज पैशाची. खाजगी अमेरिकन महाविद्यालयाची फी कामगार कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. जुन्या कुटुंबांना जमिनीचा, आजोबांच्या देणगीचा व मंडळीच्या मदतनिधीचा आधार असतो. नवी मंडळी स्वतःच भाड्याच्या जागेत भरते. ती आपल्या मुलास काय देणार?

दुसरी गरज वेळेची. शहरातील पाळक बहुधा दिवसा ट्रक चालवितो, रुग्णालयात वा कारखान्यात राबतो आणि रात्री व रविवारी मंडळी सांभाळतो. त्याला चार वर्षे वसतिगृहात राहा म्हणणे म्हणजे शिकू नकोस म्हणणे होय. त्याला रात्रीचा वर्ग हवा, आपल्या शहरात हवा.

तिसरी गरज भाषेची. फिलाडेल्फिया आणि लॉस एंजेलिस येथील मेनोनाइट मंडळ्यांत इंग्रजीखेरीज स्पॅनिश, व्हिएतनामी, इंडोनेशियन अशा भाषांत उपासना होते. मुलांना इंग्रजी येते. आईबापांना धर्म आपल्या भाषेत समजून घ्यावयाचा असतो.

चौथी गरज कायद्याच्या कागदांची. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या प्लायलर खटल्यात असे ठरविले की परवान्याशिवाय देशात राहणाऱ्या मुलांनाही सार्वजनिक शाळेचे दार बंद करता येणार नाही. परंतु हे संरक्षण शालेय शिक्षणापुरते आहे. महाविद्यालयासाठी केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य अशा मुलांना मिळत नाही आणि इंडियाना राज्याने २०११ मध्ये कायदा करून सरकारी महाविद्यालयांतील स्थानिकांची सवलतीची फीही त्यांना नाकारली. अशा वेळी त्या मुलाला आपल्या तिजोरीतून मदत देऊ शकणारी संस्था म्हणजे खाजगी धर्मसंस्थेचे महाविद्यालय. जे सरकार करीत नाही ते करण्यासाठीच जर राजसत्तेपासून अलिप्त राहिलेली मंडळी असेल, तर ही तिची वेळ आहे.

पाचवी गरज सत्तेत वाट्याची. अभ्यासक्रम कोणी ठरवायचा, प्राध्यापक कोणी निवडायचे, शिष्यवृत्ती कोणाला द्यायची, हे निर्णय जेथे होतात तेथे नव्या सभासदाची खुर्ची नसेल तर वरील चारही गरजा दयाबुद्धीवर अवलंबून राहतात.

ह्या गरजा ओळखून काहीच झाले नाही, असे म्हणणे असत्य ठरेल. गोशेन महाविद्यालयात स्पॅनिश भाषिक पाळकांसाठी १९७९ पासून स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. ग्वाटेमालातील 'सेमिया' ह्या धर्मविद्यालयाच्या धर्तीवर स्पॅनिश भाषिक मंडळ्यांसाठी 'इन्स्टिट्यूटो बिब्लिको अनाबाउतिस्ता' हे बायबल विद्यालय उभे राहिले. त्याचे वर्ग मंडळीच्याच खोल्यांत, संध्याकाळी, कामावरून आलेल्या स्त्रीपुरुषांसाठी भरतात. ह्या विद्यालयाने अनेक ठिकाणी पाळक, शिक्षिका व वडील मंडळी घडविली. कामकऱ्याच्या दाराशी शाळा नेणाऱ्या ह्या कार्यास आम्ही मनःपूर्वक वंदन करतो.

परंतु येथेच आमचे मुख्य म्हणणे आहे. हे बायबल विद्यालय जर पूल असेल तर ते वरदान आहे. जर ते मागचे दार असेल तर तो नवा भेद आहे. पुलाच्या पलीकडे पोचता येते. मागच्या दाराने स्वयंपाकघरापर्यंतच जाता येते. संध्याकाळच्या वर्गाचे प्रमाणपत्र घेतलेल्या पाळकास मंडळीत मान मिळतो, परंतु महाविद्यालय त्याचे तास पदवीसाठी मोजीत नसेल तर तो आयुष्यभर 'प्रमाणपत्रवाला'च राहतो. स्नातक पदवी नसली की वरिष्ठ धर्मविद्यालयातील उच्च पदवी सामान्यतः मिळत नाही. ती नसली की प्राध्यापकपद नाही, परिषदेतील वरची जागा नाही. अशा रीतीने कोणीही वाईट हेतू न धरता दोन पायऱ्यांचा समाज निर्माण होतो. एका पायरीवर पदवीधर आडनावे, दुसऱ्या पायरीवर प्रमाणपत्रधारी आडनावे. १९४० चा ठराव रद्द झाला, पण त्याचे काम प्रवेश-नियमांनी चालू ठेवले.

कॅन्ससच्या मेनोनाइटांना हे समजणे कठीण जाऊ नये. एके काळी तेही परभाषिक होते. हॉल्स्टेडचे जर्मन वळणाचे विद्यालय दहा वर्षे चालले आणि १८९३ मध्ये त्याची जागा बेथेल महाविद्यालयाने घेतली. म्हणजे भाषा जपणारी लहान शाळा हीच मोठ्या महाविद्यालयाची पहिली पायरी झाली. जर्मन शाळेतून महाविद्यालय उगवले. मग स्पॅनिश शाळेतून पदवी का उगवू नये?

प्रतिपक्षाचे तीन आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला: महाविद्यालयेच आर्थिक संकटात आहेत, दोन जुन्या संघटना एकत्र येऊन २००२ च्या सुमारास जी संयुक्त मेनोनाइट संघटना बनली तिच्यातून पुढे अनेक मंडळ्या बाहेर पडल्या, विद्यार्थी घटले, पैसा कोठून आणावा? उत्तर असे, की जुन्या आडनावांची मुले कमी होत असताना दार अरुंद ठेवणे ही काटकसर नव्हे. गोशेन महाविद्यालयास २००६ मध्ये लिली प्रतिष्ठानाकडून सव्वा कोटी डॉलरचे अनुदान मिळाले, ते स्पॅनिश भाषिक विद्यार्थ्यांसाठी आंतरसांस्कृतिक शिक्षणाचे केंद्र उभारण्यास. कॅलिफोर्नियातील मेनोनाइट ब्रेदरन पंथाचे फ्रेस्नो पॅसिफिक विद्यापीठ आज 'हिस्पॅनिक-सेवी संस्था' ह्या वर्गात मोडते. निदान पाव विद्यार्थी त्या समाजाचे असल्यावाचून केंद्र सरकार हा दर्जा देत नाही. ज्याने दार रुंद केले त्याचे अंगण ओस पडत नाही.

दुसरा आक्षेप: शहरात सरकारी महाविद्यालये आहेत, तेथे शिकावे. अवश्य शिकावे, परिचारिका, शिक्षक, वकील, अभियंता तेथेही होता येते आणि तसे झालेच पाहिजे. पण मग गोऱ्या शेतकऱ्याच्या मुलालाही तेच का सांगितले नाही? आपला मुलगा परक्यांत हरवू नये म्हणून त्यांनी संस्था काढल्या. ती भीती न्याय्य होती. तीच भीती शिकागोच्या आईला वाटली तर ती न्याय्य का नाही?

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे: इतके नवे लोक आले तर आमचे मेनोनाइटपण काय राहिले? ह्याचे उत्तर आकडेच देतात. जगातील ह्या परंपरेचे बहुसंख्य सभासद आज आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेत आहेत. आपल्या देशातही, दुष्काळाच्या पाठोपाठ १८९९ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील धमतरी येथे अमेरिकन मेनोनाइट मिशन आले आणि अनाथ मुलांना जवळ करून शाळा काढल्या. त्यांचे जागतिक अधिवेशन १९९७ च्या जानेवारीत कलकत्त्यास भरले. जो धर्म धमतरीच्या माणसाला आपला म्हणतो त्याने फिलाडेल्फियाच्या माणसाला पाहुणा म्हणू नये. मेनोनाइटपण जर आडनावात, खाद्यपदार्थांत आणि चार सुरांच्या जुन्या गीतांत असेल तर ते नव्या लोकांनी बुडेल, हे खरे. ते जर १५२५ च्या निर्णयात असेल तर ते नव्या लोकांनीच तरेल.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. प्रत्येक मेनोनाइट महाविद्यालयाने बायबल विद्यालयांच्या अभ्यासाचे तास पदवीसाठी ग्राह्य धरावेत आणि कोणते धरणार हे लेखी जाहीर करावे. शिष्यवृत्तीचा निधी 'करुणा' म्हणून न देता सभासदत्वाचा हक्क म्हणून द्यावा. मंडळीचा सभासद हीच पात्रता असावी. वर्ग शहरात, रात्री, त्या त्या भाषेत भरवावेत आणि ते घेणाऱ्यांस महाविद्यालयाचे प्राध्यापक म्हणूनच नेमावे. कागदपत्रे नसलेल्या मुलास खाजगी निधीतून मदत द्यावी. आणि नियामक मंडळांत शहरी व अल्पसंख्य मंडळ्यांनी स्वतः निवडलेले प्रतिनिधी असावेत. हे पाचही उपाय खर्चाचे कमी व इच्छेचे अधिक आहेत.

नव्या सभासदांवरही एक जबाबदारी आहे. मागणी एकदा मांडून भागत नाही. १९६९ ची मागणी मोठी होती, पण तिच्यामागची परिषद विसर्जित होताच ती कपाटात गेली. प्रत्येक मंडळीने आपल्या मुलांची यादी करावी: कोण कोणत्या वर्गात आहे, कोणाची शाळा सुटली, कोणाला फीपायी थांबावे लागले. ज्याच्या हाती यादी आहे त्याची मागणी टाळता येत नाही. ज्याच्या हाती केवळ तक्रार आहे त्याची समजूत काढता येते. वकिलीच्या धंद्यात हा धडा आम्ही अनेकदा शिकलो आहोत.

वाचकहो, दूरदेशीच्या एका लहान ख्रिस्ती समाजाची ही कथा आपणांस का सांगितली, हे निराळे सांगावयास नको. धर्म बदलण्याचा निर्णय एका दिवसात होतो. त्या निर्णयाला शाळेचे दार लाभण्यास मात्र दोन पिढ्या लागतात आणि त्या दोन पिढ्यांत जन्म पुन्हा मागल्या दाराने घरात शिरू पाहतो. तो कधी आडनाव होऊन येतो, कधी भाषा, कधी प्रमाणपत्र. मेनोनाइटांनी जन्माला पुढच्या दारातून घालविले, त्यासाठी बलिदान केले, आणि मागचे दार मात्र लावायचे विसरले. आपल्या संस्था उभ्या करताना, आपल्या मुलांची नावे पटावर घालताना आणि आपल्यानंतर येणाऱ्या नव्या माणसास रांगेत जागा देताना, आपण ते दार लावले आहे की नाही हे प्रत्येक घराने एकदा उठून पाहावे.